शासन निर्णय शेवटून वाचावा

एप्रिल २०२२ मध्ये नीती आयोगाने राज्यांचा ऊर्जा आणि हवामान निर्देशांक प्रसिद्ध केला. सहा कसोट्या, २७ निकष. मोठ्या राज्यांत गुजरात पहिला, केरळ दुसरा, पंजाब तिसरा. बातम्या झाल्या त्या कोण वर आणि कोण खाली एवढ्याच्या. पंजाब तिसरा कसा, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नव्हता. शेतीपंपांना फुकट वीज देणारे, भूजल जितके भरते त्याहून कितीतरी अधिक उपसणारे आणि दर हिवाळ्याच्या तोंडावर भाताची धसकटे जाळणारे हे राज्य हवामानाच्या परीक्षेत तिसरे आले, कारण गुणपत्रिकेत सर्वांत मोठा भार वीज वितरण कंपनीच्या कामगिरीला होता. निर्देशांकात खोटे काही नव्हते. तो एका प्रश्नाचे उत्तर देत होता आणि वाचणारे ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर समजत होते.

राज्यांच्या हवामान आणि ऊर्जा धोरणांवर लक्ष ठेवायचे म्हणजे आराखड्यांची यादी करायची, उद्दिष्टांचे तक्ते मांडायचे आणि राज्यांना क्रमांक द्यायचे, अशी समजूत आता चांगलीच रुळली आहे. परिषदांमध्ये हेच तक्ते झळकतात, मंत्र्यांच्या भाषणांतही तेच येतात. ही समजूत उथळ आहे. राज्याचे खरे हवामान धोरण बहुतेक वेळा 'हवामान' हा शब्दही नसलेल्या कागदांत घडते: वीज नियामक आयोगाच्या दरआदेशात, वीजखरेदीच्या करारात, पुरवणी मागण्यांत आणि उपकेंद्रातून निघणाऱ्या शेतीच्या फीडरवर. तिथे न पाहता ठेवलेली नोंद म्हणजे घोषणांचा संग्रह. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. पुढे आहेत त्याची कारणे.

१. पत्ता इथेच चुकतो

राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत आहे, ३८व्या नोंदीत. जमीन, शेती आणि पाणी राज्यांकडे आहे. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा शब्द २०२१ मध्ये ग्लासगोत दिला तो देशाच्या पंतप्रधानांनी. पण सौर प्रकल्पासाठी सरकारी जमीन देणारा जिल्हाधिकारी, वीज विकत घेणारी वितरण कंपनी, तिचे दर ठरवणारा आयोग आणि पंपाचे बिल माफ करणारे मंत्रिमंडळ हे सगळे राज्याचे. तेव्हा लक्ष ठेवायचे ते राज्यावर, याबद्दल वाद नाही. राज्यात नेमके कुठे पाहायचे, यावर मात्र घोळ आहे.

महाराष्ट्राचेच पाहावे. २००८ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यानंतर राज्यांना आपापले आराखडे करायला सांगण्यात आले. महाराष्ट्रासाठी 'टेरी' या संस्थेने केलेला अभ्यास २०१४ मध्ये आला. २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू झाले. पर्यावरण विभागाच्या नावाला 'वातावरणीय बदल' जोडले गेले. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेने हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० हे निव्वळ शून्याचे वर्ष धरले. यादी करणाऱ्याचे महाराष्ट्राचे पान एवढ्यावर भरते, आणि दिसतेही भारदस्त. पण वातावरणीय बदल विभाग ना वीज विकत घेतो, ना तिचा दर ठरवतो, ना कुठल्या पंपाची जोडणी देतो.

मुंबईचे उदाहरण बोलके आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी शहराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत, हे दुखणे जुनेच होते. वर्षानुवर्षे रखडलेली खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. शहराला बाहेरची स्वच्छ वीज घ्यायची असेल आणि ट्रॉम्बे-डहाणूच्या कोळशावरचा भार उतरवायचा असेल, तर पहिली अट अशा वाहिनीची. आराखड्याच्या प्रकाशनाला जेवढे कॅमेरे होते त्याच्या पासंगालाही पुरतील एवढे या वाहिनीच्या वाट्याला आले नाहीत.

अमेरिकेत हाच धडा टेक्सासने दिला. तिथल्या राजकारणात हवामान हा शब्द उच्चारणेही अनेकांना जड जाते. तरी २००५ मध्ये राज्याने पवनऊर्जेच्या पट्ट्यांपर्यंत पारेषण वाहिन्या नेण्याचा कायदा केला, सुमारे सात अब्ज डॉलर खर्चून हजारो मैलांच्या तारा ओढल्या, आणि पवनऊर्जेत ते राज्य देशात पहिले राहिले. नावात हवामान शोधणाऱ्याला टेक्सास सापडलेच नसते. उलट बाजूला ओहायो आहे. तिथे २०१९ मध्ये स्वच्छ हवेच्या नावाने आणलेल्या विधेयकाने अणुभट्ट्यांबरोबर जुन्या कोळसा केंद्रांनाही ग्राहकांच्या बिलातून पैसे दिले आणि अक्षय ऊर्जेचे बंधन कापून टाकले. त्यामागची लाचखोरी उघड झाली. विधानसभेच्या माजी सभापतीला २०२३ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली.

आणि पंजाब. २००९ च्या कायद्याने भाताची लावणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलली, हेतू भूजल वाचवण्याचा. लावणी पुढे गेली तशी कापणीही गेली. गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळे करायला हातात मोजके दिवस उरले, आणि धसकटे पेटवणे हा सोपा मार्ग झाला. पाण्याचा कायदा हवेवर उलटला. हवामान धोरणांच्या कुठल्या रकान्यात तो टाकणार?

२. शेवटचे पान आधी

शासन निर्णयाची ठेवण ठरलेली असते. वर विभाग, क्रमांक, दिनांक. मग 'वाचा' या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी. मग 'प्रस्तावना', जिच्यात जागतिक तापमानवाढीपासून शेतकऱ्याच्या उत्पन्नापर्यंत सगळे येऊन जाते. त्यानंतर 'शासन निर्णय'. बातमी बहुधा प्रस्तावनेतून आणि पुढच्या दोन परिच्छेदांतून तयार होते. मंत्रालयात मुरलेला माणूस मात्र शेवटचे पान आधी उघडतो. तिथे खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली भागवायचा ते असते. वित्त विभागाची सहमती कोणत्या अनौपचारिक संदर्भ क्रमांकाने मिळाली ते असते. आहरण व संवितरण अधिकारी कोण, तेही असते. मग येते 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' आणि उपसचिवाची सही.

लेखाशीर्ष असेल तर त्या निर्णयाला पाय आहेत असे समजावे. नसेल, आणि त्या जागी तरतुदीचे नंतर पाहू अशा अर्थाचे गुळमुळीत वाक्य असेल, तर तो तूर्तास कागद आहे. वाईटच असेल असे नाही. पण त्याची नोंद 'लागू' या रकान्यात करणे ही फसगत आहे.

लेखाशीर्ष सापडल्यावरही काम संपत नाही. मार्चच्या अर्थसंकल्पातली तरतूद एक, पावसाळी किंवा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागणीतली दुसरी, प्रत्यक्ष वितरित निधी तिसरा आणि खर्च चौथा. हे चार आकडे क्वचितच जुळतात. राज्याच्या 'बीम्स' या अर्थसंकल्पीय प्रणालीवर तरतूद आणि वितरण यांतला फरक घरबसल्या पाहता येतो. वीज कायदा २००३ चे कलम ६५ तर स्पष्ट सांगते की कुठल्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल तर राज्य सरकारने तिची भरपाई आगाऊ द्यावी. ती वेळेवर न मिळाल्यास वितरण कंपनी कर्ज काढते, वीज उत्पादकांची देणी लांबतात, आणि पुढच्या निविदेत बोली लावणारा ही जोखीम दरात धरतो. थोडक्यात, सवलतीचा हप्ता चुकला की सौर विजेचा दर वाढतो. हवामानाच्या तक्त्यात हप्त्याचा रकानाच नसतो.

३. बेरजेत लपलेली वजाबाकी

आता उद्दिष्टांकडे. राज्याने २०१५ मध्ये अक्षय ऊर्जेचे धोरण जाहीर केले: १४,४०० मेगावॉट, त्यात पवन ५,००० आणि सौर ७,५००. पाच वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये नवे धोरण आले: १७,३६० मेगावॉट. सौर १२,९३०, पवन २,५००, उसाच्या चिपाडावरची सहवीजनिर्मिती १,३५०, लघु जलविद्युत ३८०, शहरी घनकचरा २००. मुदत मार्च २०२५.

राज्याची पवनऊर्जा क्षमता मार्च २०२० मध्ये सुमारे ५,००० मेगावॉट होती. मार्च २०२५ मध्ये ती ५,३०० च्या आतच होती. म्हणजे अडीच हजारांच्या उद्दिष्टासमोर तीनशेही नाही. त्याआधीच्या पाच वर्षांत पाच हजारांसमोर सुमारे साडेपाचशे. दोन धोरणे मिळून दहा वर्षांत साडेसात हजारांचा संकल्प, आणि पदरात पडले हजाराच्या आत. सौरचे चित्र बरे: याच पाच वर्षांत सुमारे १,८०० वरून साडेदहा हजारांच्या वर. उद्दिष्ट तिथेही हुकले, पण काम झाले. बेरीज करून 'एकूण साध्य' काढले की पवनऊर्जेचे अपयश सौरच्या पदराखाली झाकले जाते, आणि अपयश झाकले की त्याचे कारण शोधायची गरज कोणाला वाटत नाही.

कारणे तर शोधण्यासारखी आहेत. एकेकाळी पाटण तालुक्यातले वनकुसवडे पठार आणि साक्री तालुक्यातले ब्राह्मणवेल ही नावे पवनऊर्जेत देशभर माहीत होती. २०१७ नंतर निश्चित दर जाऊन लिलाव आले. आंतरराज्य पारेषण शुल्कात केंद्राने सूट दिली, तेव्हा कच्छमध्ये किंवा तामिळनाडूत वीज तयार करून कुठेही विकणे परवडू लागले. महाराष्ट्रातल्या चांगल्या वाऱ्याच्या जागा जुन्या, लहान चक्क्यांनी अडवलेल्या होत्या. त्यांचे तेरा वर्षांचे करार संपल्यावर त्या विजेला दर काय द्यायचा, यावर भांडणे झाली. २०२० चे धोरण लिहिताना यातले बरेचसे माहीत होते. तरी २,५०० चा आकडा लिहिला गेला. तो कुठून आला, हा प्रश्न तक्ता विचारत नाही.

मोजणीतला दुसरा घोळ एकच मेगावॉट अनेकदा मोजण्याचा. शेतीच्या फीडरला सौर वीज देणाऱ्या राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला एखादा प्रकल्प केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत धरला जातो, राज्याच्या धोरणात धरला जातो, राज्याची वीज वितरण कंपनी महावितरण हिच्या अक्षय ऊर्जा खरेदीच्या बंधनातही धरला जातो. प्रत्येक ठिकाणी तो खराच असतो. चुकते ती बेरीज करणाऱ्याची.

तिसरा घोळ अधिक गंभीर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये महावितरणने अदानी समूहाला ६,६०० मेगावॉटचे इरादापत्र दिले: ५,००० मेगावॉट सौर आणि सुमारे १,६०० मेगावॉट औष्णिक, सरासरी दर ४ रुपये ८ पैसे. सौर वीज येणार कच्छमधल्या खावड्याहून. ती क्षमता गुजरातच्या खात्यात दिसेल, वापर महाराष्ट्राच्या. आणि सौरच्या मोठ्या आकड्यामागे पंचवीस वर्षांसाठी नव्या कोळशाची बांधिलकीही आली. या जोडखरेदीमागे तर्क आहे. संध्याकाळी सूर्य नसतो आणि मागणी असते. तो तर्क कोणी पटवून घ्यावा किंवा खोडून काढावा. पण याची नोंद 'पाच हजार मेगावॉट सौर' अशी करणारा अर्धाच करार वाचतो. मे २०२३ मध्ये कोराडीत ६६० मेगावॉटच्या दोन नव्या औष्णिक संचांसाठी जनसुनावणी झाली, तेव्हा २०२० चे अक्षय ऊर्जा धोरण पूर्ण अमलात होते. दोन्ही कागद एकाच सरकारचे. तक्त्याला एकच दिसतो.

४. आयोगाच्या दालनात घडणारे धोरण

महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ पासून आहे. त्याचे आदेश शेकडो पानांचे, तक्त्यांनी भरलेले, झोप आणणारे. पण राज्यात घरावर सौर पॅनेल बसवणे परवडेल की नाही, ते यांतल्या एखाद्या परिच्छेदावर ठरते.

२०१९ च्या उत्तरार्धात आयोगाने छतावरच्या सौर विजेसाठी नियमांचा मसुदा काढला. त्यात नेट मीटरिंगला, म्हणजे दिलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा करण्याच्या सोयीला, कात्री लागणार होती. ग्राहक संघटना, गृहनिर्माण संस्था आणि पॅनेल बसवणारे छोटे व्यावसायिक यांनी हरकतींचा पाऊस पाडला. ३० डिसेंबर २०१९ च्या अंतिम नियमांत नेट मीटरिंग टिकले. त्या वर्षी राज्याने हवामानाबाबत काय केले, या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांत ही घटना सहसा नसते. खरे तर सगळ्यात वर असायला हवी.

२०२५ चा प्रकार त्याहून गुंतागुंतीचा. २८ मार्चला आयोगाने २०२५-२६ ते २०२९-३० या पाच वर्षांचा दरआदेश दिला. महावितरण फेरविचाराला जाणार म्हटल्यावर काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली. २५ जूनला फेरविचार आदेश आला आणि १ जुलैपासून नवे दर लागू झाले. पुढे वाद उच्च न्यायालयात गेला. या सगळ्यात सकाळी ९ ते सायंकाळी ५ हे 'सौर तास' स्वस्त ठरले. दिवसाची जास्तीची सौर वीज उद्योगांनी दिवसाच वापरावी, हा हेतू रास्त आहे. पण स्वतःच्या छतावर पॅनेल बसवलेल्या कारखानदाराची वीज नेमकी त्याच स्वस्त तासांत तयार होते, म्हणजे तिचे मोल कमी होते. एकाच तरतुदीने मोठ्या सौर प्रकल्पांना हात दिला आणि छतावरच्या सौरला झळ पोचवली. ही प्रगती की पीछेहाट? एका रकान्यात उत्तर मावत नाही, म्हणून तक्ता करणारे अशा आदेशांना हात लावत नाहीत.

५. न मोजलेली वीज

महाराष्ट्रात सुमारे ४७ लाख शेतीपंप ग्राहक आहेत. राज्य सरकारच्याच सांगण्यानुसार विकल्या जाणाऱ्या विजेपैकी सुमारे ३० टक्के वीज त्यांच्याकडे जाते. 'सांगण्यानुसार' असे म्हणायचे, कारण लाखो पंपांना मीटर नाही आणि ज्यांना आहे त्यांतल्या कित्येकांचे वाचन होत नाही. वापर अंदाजाने, अश्वशक्तीवरून धरला जातो. इचलकरंजीचे प्रताप होगाडे आणि त्यांची वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षे सांगत आली की शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो आणि त्याआड गळती व चोरी लपते. आयोगाने नेमलेल्या कार्यगटाचा अहवाल २०२० मध्ये आला तेव्हा त्यातूनही हेच निघाले: शेतीचा वापर दाखवला जातो त्याहून कमी, वितरणाची गळती जास्त.

हा हिशेबाचा वाद वाटतो, पण हवामान धोरणाचा पायाच इथे आहे. राज्याची सर्वांत महत्त्वाकांक्षी योजना याच आकड्यावर उभी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी ही पहिली गावे. गती इतकी मंद की २०२३ मध्ये दुसरी आवृत्ती काढावी लागली. जमिनीचे भाडे हेक्टरी पाऊण लाखावरून सव्वा लाख झाले, दरवर्षी तीन टक्के वाढीसह. ग्रामपंचायतीला तीन वर्षे पाच-पाच लाख मिळू लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला या टप्प्यातला पहिला, तीन मेगावॉटचा प्रकल्प चालू झाला. उपकेंद्राजवळ पॅनेल, त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, युनिटला तीन रुपयांच्या आसपास. शेतकऱ्याला दिवसा पाणी देता येते. रात्री दोनला उठून, विजेरी घेऊन, साप आणि बिबट्याच्या भीतीने बारे धरायची पाळी ज्याच्यावर आली आहे त्याला या योजनेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. राज्यांच्या योजनांमध्ये ही फार चांगली योजना आहे, हे मोकळेपणाने म्हणायला हवे.

पण कोणत्या फीडरला किती मेगावॉट, हे तिथल्या वापरावरून ठरते, आणि वापराचा आकडाच संशयास्पद. त्यात २५ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांची वीज मोफत झाली. बिल शून्य झाल्यावर मीटर वाचण्याचा आग्रह शेतकरी धरणार नाही, कंपनीही नाही. एक योजना फीडरवरचा कार्बन कमी करते, दुसरी त्याच फीडरवरचे मोजमाप अनावश्यक करून टाकते, आणि दोन्हींच्या खाली भूजलाची पातळी आहे, जिचा हिशेब तिसऱ्याच विभागाकडे. तक्त्यात पहिली योजना 'हवामान' या सदरात दिसते, दुसरी 'शेतकरी कल्याण' या सदरात. तार एकच आहे.

६. धोरण मरते तेव्हा

धोरण जन्मते तेव्हा समारंभ होतो. मरते तेव्हा बहुधा कळतही नाही.

२०१९ मध्ये गुजरातने नवे कोळसा प्रकल्प उभारणार नाही असे जाहीर केले, छत्तीसगडकडूनही तसेच सांगण्यात आले. देशात त्याचे स्वागत झाले. छत्तीसगडच्या सरकारने २०२२ मध्ये कोरब्यात ६६० मेगावॉटच्या दोन संचांची घोषणा केली. मधल्या काळात सत्तापालट झाला आणि मार्च २०२५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणीही झाली. २०१९ ची भूमिका मागे घेतल्याचा समारंभ कुठे झाला नाही. ती जुन्या याद्यांमध्ये तशीच जिवंत राहते.

आंध्र प्रदेशात मात्र मृत्यू गाजला. १ जुलै २०१९ रोजी नव्या सरकारने पवन आणि सौर वीजखरेदीचे जुने करार पुन्हा घासाघीस करण्यासाठी समिती नेमली. उत्पादकांची बिले अडकली, प्रकरण न्यायालयात गेले, मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मूळ दराने पैसे देण्याचा आदेश दिला. जवळपास तीन वर्षे गेली. त्या काळात आंध्रचे अक्षय ऊर्जा धोरण कागदोपत्री शाबूत होते. कुठल्याही यादीत त्याच्यासमोर बरोबरची खूण करता आली असती. गुंतवणूकदारांनी मात्र खरी नोंद घेतली होती.

म्हणून नोंद ठेवायची तर प्रत्येक धोरणाला जन्मतारखेइतकीच शेवटची हालचाल लिहावी: शेवटचा आदेश, शेवटचा निधी, शेवटची दुरुस्ती. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठात १९९५ पासून राज्यांच्या सवलती आणि नियमांचा असा कोश चालवला जातो. तिथे कार्यक्रम बंद पडला की तसे लिहिले जाते. आपल्याकडे पुण्यातल्या 'प्रयास'सारख्या संस्था आयोगांच्या आदेशांवर हे काम चिकाटीने करत आल्या आहेत. अठ्ठावीस राज्यांना ते पुरे पडत नाही.

७. आक्षेप

पहिला आक्षेप केंद्राच्या वर्चस्वाचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने अक्षय ऊर्जा वापराचे बंधन अधिसूचित केले: २०२४-२५ मध्ये २९.९१ टक्के, २०२९-३० मध्ये ४३.३३ टक्के. आकडा दिल्ली ठरवणार असेल तर राज्यावर नजर कशासाठी? उत्तर असे, की टक्का दिल्लीचा असला तरी तो गाठायचा कच्छच्या विजेने की वैजापूरच्या, छतावरून की जमिनीवरून, आणि त्याचा भार घरगुती ग्राहकावर की उद्योगावर, हे मुंबईत ठरते. पवनऊर्जेच्या बाबतीत केंद्राच्या पारेषण-सवलतीने राज्याचे गणित बिघडवले, हेही राज्यात पाहिल्यावरच दिसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उद्दिष्ट हुकले तरी दिशा मिळते, बँका कर्ज देतात, अधिकारी कामाला लागतात. मग आकड्यांची एवढी चिरफाड का? यात तथ्य आहे. १२,९३० चा आकडा नसता तर सौरचे नऊ हजार झाले असते असे छातीठोक सांगता येत नाही. पण ज्या उद्दिष्टाने दिशा दिली आणि ज्याने फक्त कागद भरला त्यांतला फरक चिरफाड केल्याशिवाय कळत नाही. सौर आणि पवन एकाच धोरणात, एकाच पानावर होते.

तिसरे म्हणणे कार्यकर्त्यांच्या वर्तुळात ऐकू येते: उणिवा उघड केल्या की कोळशाच्या समर्थकांच्या हाती कोलीत मिळते. व्यवहारात उलटेच घडते. शेतीच्या वापराचा फुगवटा पहिल्यांदा जोरात सांगितला तो ग्राहक संघटनांनी, सौरविरोधकांनी नाही. आणि तो दुरुस्त झाला तर सौर फीडरची योजना अधिक स्वस्तात होईल. लपवलेला आकडा नेहमी विरोधकाच्याच हाती लागतो, आणि तोही गैरसोयीच्या वेळी.

राहिला सामान्य वाचकाला हे पेलणार नाही हा आक्षेप. २०१९ च्या नेट मीटरिंगच्या मसुद्यावर हरकती लिहिणाऱ्यांत सोसायट्यांचे सचिव होते. त्यांना पेलले.

८. पुढची तारीख

अशा नोंदवहीची परीक्षा लवकरच आहे. मोफत विजेची योजना मार्च २०२९ पर्यंत आहे, पण शासन निर्णयातच तीन वर्षांनंतर आढावा घेण्याची तरतूद आहे, म्हणजे २०२७ मध्ये. त्या वेळी तीन आकडे टेबलावर असायला हवेत: योजनेतल्या फीडरांवर प्रत्यक्ष मोजलेला वापर, सरकारने कलम ६५ प्रमाणे वेळेवर दिलेली भरपाई आणि सौर झालेल्या फीडरांच्या परिसरातली विहिरींची पातळी. पहिला महावितरणकडे, दुसरा वित्त विभागाकडे, तिसरा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. तिन्ही कार्यालये सरकारचीच आहेत, आणि हे आकडे एकत्र मागण्याचे काम आजघडीला कोणत्याच विभागाच्या कार्यकक्षेत नाही. विधिमंडळाच्या एखाद्या सदस्याने २०२७ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एका तारांकित प्रश्नात ते मागितले तरी सुरुवात होईल. प्रश्न काही आठवडे आधी द्यावा लागतो.